रात्रीची दाई

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या सासूबाई ओसरीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. सोबतीला सून. आठ रात्री ती कॉटशेजारी फरशीवर चटई टाकून झोपली. झोपली म्हणायचं एवढंच. ट्यूबलाइट रात्रभर चालू, शेजारच्या कॉटवर कुणाचा तरी मोबाईल चालू, ट्रॉलीची चाकं करकरत जायची. आणि पहाटे चारच्या सुमाराला, म्हातारीचा डोळा नुकता लागलेला असताना, तिला हलवून उठवायचे. ताप बघायचा, बीपी बघायचं, अंग पुसायचं. पाचव्या रात्री सासूबाई बरळायला लागल्या. सुनेला ओळखेनात, सलाईनची नळी ओढायला लागल्या. घरच्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. घरी आणलं, चार रात्री अंधारात, शांततेत झोप मिळाली, आणि बाई पहिल्यासारख्या बोलायला लागल्या.

गटाच्या बैठकीत यावर पुष्कळ बोलणं झालं. कुणी म्हणालं बाधा, कुणी म्हणालं औषध गरम पडलं. आम्ही रेडिओवाल्या बायका, आम्हाला एक खोड आहे. गोष्ट कुठून सुरू झाली ते शोधत बसायचं. आजारी माणसाची झोप राखणं हे त्याची सेवा करणाऱ्याचं काम आहे, असं कुणी कधी म्हटलंय का? शोधलं तर कळलं, म्हटलंय, आणि फार जुन्या काळापासून म्हटलंय. मग ते बाजूला कसं पडलं, ती आजची गोष्ट.

सुरुवात आपल्या जुन्या वैद्यकापासून करू. चरकसंहितेत उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, रोगी आणि चौथा उपस्थाता, म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याचं सगळं करणारा. खाटेला चार पाय असतात तसे. एक मोडला की खाट कलंडली. या सेवा करणाऱ्यालाही गुण सांगितलेत: काम येत असलं पाहिजे, हात चपळ पाहिजे, रुग्णावर माया पाहिजे, स्वच्छता पाहिजे. म्हणजे जवळ बसणारं माणूस हे उपकारावर आलेलं नाही, उपचाराचा भाग आहे.

त्याच ग्रंथात झोपेवर बराच मजकूर आहे. शरीर तोलून धरणाऱ्या तीन आधारांमध्ये अन्नाच्या जोडीला झोप मांडली आहे. झोपेचे प्रकारही केलेत. आजारामुळे येणारी झोप वेगळी, थकव्याने येणारी वेगळी, आणि रात्र झाली म्हणून आपोआप येते ती वेगळी. या शेवटच्या झोपेला तिथे एक नाव आहे, भूतधात्री. भूत म्हणजे इथे भुताखेतातलं भूत नव्हे हं, भूत म्हणजे प्राणिमात्र. आणि धात्री म्हणजे दाई, पाजणारी, सांभाळणारी. रात्रीची झोप ही सगळ्या जिवांची दाई आहे, असं ते नाव. आम्ही हे बैठकीत वाचलं तेव्हा आमच्यातली सुईणीचं काम केलेली एक आजी म्हणाली, आमची आठवण कुणीतरी ठेवली म्हणायची.

झोप येत नसेल तर काय करावं तेही दिलंय. अंगाला तेल चोळावं, आंघोळ घालावी, दूध द्यावं, दहीभात द्यावा, डोक्याला लेप लावावा, मनाला बरं वाटेल असा वास आणि आवाज असावा, हातपाय दाबावेत, अंथरूण नीट पसरलेलं असावं, खोली सुखाची असावी, वेळ ठरलेली असावी. दुसऱ्या एका ठिकाणी रुग्णाजवळ कोणकोण माणसं ठेवावीत ती यादी आहे. त्यात स्वयंपाक येणारे, आंघोळ घालणारे, अंग दाबणारे, उठवून बसवणारे आहेत, आणि गाणी म्हणणारे, गोष्टी सांगणारेही आहेत. अर्थात हा सगळा थाट राजेरजवाड्यांना आणि सावकारांनाच परवडणारा. गरिबाच्या घरी ही सगळी माणसं म्हणजे एकच बाई.

आणखी एक गोष्ट आम्हाला कामाची वाटली. दिवसा झोपणं त्या ग्रंथाला एरवी पसंत नाही, उन्हाळा सोडून. पण कुणाकुणाला सूट आहे? म्हातारे, मुलं, अशक्त माणसं, मार लागलेले, ओझी वाहून आणि वाट चालून दमलेले, दुःखात असलेले, आणि रात्री जागरण झालेले. म्हणजे रात्रभर कुणाच्या उशाशी बसलेली बाई दुपारी आडवी झाली तर चरकाची परवानगी आहे. सासरच्या मंडळींना हे जरूर वाचून दाखवा.

आता थेट विलायतेला जाऊ, कारण आजच्या दवाखान्यातली सिस्टर, तिचा गणवेश, तिची पाळी, हे सगळं तिथून आलं. १८५४ साली क्रिमियाच्या लढाईत जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांसाठी फ्लोरेन्स नाइटिंगेल ही बाई ३८ जणींना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोचली. हातात दिवा घेऊन रात्री फिरणारी बाई म्हणून तिचं चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलंय. त्या चित्रात दिवा दिसतो. ती चालत कशी होती ते दिसत नाही, आणि तिच्या मते चालणं महत्त्वाचं होतं.

१८५९ सालाच्या अखेरीला तिने एक लहानसं पुस्तक लिहिलं. ते डॉक्टरांसाठी नव्हतं, शिकलेल्या नर्ससाठीही नव्हतं. घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्या साध्या बायकांसाठी होतं. त्यात हवा, उजेड, अन्न, स्वच्छता यांच्यासारखंच एक पूर्ण प्रकरण आवाजावर आहे. रुग्णाला मुद्दाम किंवा चुकून झोपेतून उठवायचं नाही, हा चांगल्या सेवेचा पहिला नियम, असा त्याचा सूर. पहिल्या झोपेत उठवलं तर माणसाला पुन्हा झोप लागणं कठीण, आणि वेदनाही जास्त जाणवते. काही तास झोपून मग जाग आली तर पुन्हा डोळा लागण्याची आशा जास्त. हे तिने कुठल्या यंत्रावर मोजलं नव्हतं. रात्री जागून पाहिलं होतं.

तिचे काही टोमणे वाचून आम्ही हसलो. त्या काळी विलायती बायका पोलादी कड्यांचे मोठे फुगीर घागरे घालायच्या. असा घागरा, करकरणारे जोडे आणि खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन रुग्णाच्या खोलीत फिरणारी बाई त्याचं भलं करत नाही, नुकसान करते, असं तिने सुनावलंय. तिला सगळ्यात जास्त राग कुजबुजण्याचा. दाराबाहेर डॉक्टर आणि घरचे हळू आवाजात बोलत राहतात, आत रुग्ण कान टवकारून पडलेला असतो, कारण ते आपल्याविषयीच बोलताहेत हे त्याला कळतं. आपल्याकडे नाही का, आजाऱ्याच्या खोलीबाहेर पाहुणे जमतात आणि डोळ्यांनी खुणा करत बोलतात? बोलायचं तर समोर बोला, नाहीतर लांब जाऊन बोला, असं तिचं म्हणणं. आणि पाय न वाजवता चोरासारखं चालणंही नको. हलकं, पण सरळ चालावं. शुश्रूषा या आपल्या शब्दाचा मूळ अर्थच ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा करणाऱ्या बाईने खोलीतला आवाज रुग्णाच्या कानाने ऐकावा, हे नाइटिंगेलबाईंनी सांगितलं आणि आपल्या शब्दात ते आधीपासून होतं.

नाइटिंगेलबाई भारतात कधी आल्या नाहीत. पण इथल्या आरोग्यावर त्या जन्मभर लिहीत राहिल्या, खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. लढाईहून परतल्यावर त्या स्वतः वर्षानुवर्षं आजारी होत्या आणि बरंचसं लिखाण त्यांनी अंथरुणावरून केलं. आवाजावरचं ते प्रकरण वाचताना वाटतं, ही बाई रुग्णाच्या बाजूनेही बोलते आहे.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने नर्सचं शिक्षण सुरू झालं. तिथून ती पद्धत जगभर गेली. आणि इथेच गोष्टीने वळण घेतलं. एका मोठ्या दालनात पंचवीस-तीस खाटा, रात्री तिथे एक-दोन नर्स. सकाळी दिवसपाळीची नर्स येण्याआधी सगळ्यांची तोंडं धुवून, अंथरुणं करून, ताप मोजून, नोंदी लिहून तयार पाहिजेत. तीस माणसांचं एवढं सगळं सातपर्यंत उरकायचं तर सुरुवात पहाटे अंधारातच करावी लागणार. म्हणजे रुग्णाला पहाटे उठवलं जातं ते त्याच्या आजारासाठी नाही, पाळी बदलण्याच्या वेळेसाठी. नर्स दुष्ट नव्हती, कामाचं गणितच तसं होतं. विलायतेत यावर इतकी कुरकुर झाली की १९६१ साली तिथल्या सरकारी आरोग्य समितीने दवाखान्यातल्या रुग्णाचा दिवस कसा असावा यावर अहवालच काढला, आणि भल्या पहाटे उठवण्याचा प्रश्न त्यात होता. नाइटिंगेलबाईंच्या पुस्तकाला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.

आपल्याकडे या कामात बायका कशा आल्या? १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं, रमाबाई रानडे त्याच्या प्रमुख. तिथून बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात झाली. त्यांत विधवाही होत्या. तो काळ आठवा. विधवेने घराबाहेर पडणं कठीण, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणं त्याहून कठीण. आणि रात्रपाळी? रात्री घराबाहेर राहणारी बाई म्हटलं की लोकांच्या नजरा बदलत. आजही नर्सिंगला निघालेल्या मुलीच्या आईला कुणीतरी विचारतंच, नाईट ड्युटी असते का गं? त्या पहिल्या बायकांनी हे सगळं सोसून आजाऱ्यांच्या रात्री सांभाळल्या, त्याचा पगार घेतला आणि स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. आमच्या मते ही गोष्ट शाळेत दिव्याच्या चित्राशेजारी शिकवायला हवी.

झोप देता येत नसेल तर विकत आणता येते, हा दुसरा रस्ताही तेवढाच जुना. पूर्वी अफू होती. १८६९ साली जर्मनीत क्लोरल नावाचं झोपेचं औषध आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बिट्युरेट गोळ्या आल्या. त्यांत झोप आणि मृत्यू यांच्यातलं अंतर फार थोडं, गोळ्या जास्त झाल्या की संपलं. १९६३ साली व्हॅलियम बाजारात आली आणि पुढच्या काळात जगभरच्या बायकांच्या उशाखाली जाऊन बसली.

पण या वाटेवरची आम्हाला सगळ्यात लागलेली गोष्ट मुंबईची आहे. कोकणातून, घाटावरून कुटुंबं गिरणीत कामाला गेली. त्यात बायकाही होत्या. बाळंत होऊन थोडे दिवस झाले की बाई पुन्हा गिरणीत. दिवसभर तान्ह्या मुलाला कोण बघणार? कुणी म्हातारी शेजारीण, किंवा सात-आठ वर्षांची मोठी बहीण. मूल रडू नये, भूक लागली तरी झोपून राहावं म्हणून त्याला बाळगोळी द्यायचे. बाळगोळीत अफू असायची. १९२०च्या दशकात डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना कामगार आयांच्या बहुतेक सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. अशी मुलं सुस्त पडून राहायची, दूध ओढायची नाहीत, वाळत जायची. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. पण कामाच्या जागी पाळणाघर नव्हतं, बाळंतपणाची रजा नव्हती. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी आईच्या पगारासाठी मुलाला गुंगीत ठेवायचं, एवढीच सोय त्या घराजवळ होती.

म्हणून आज कुणी सर्दीचं औषध पाजून लेकरू झोपवतं, किंवा म्हातारा रात्री त्रास देतो म्हणून मेडिकलमधून गोळी आणून देतं, तेव्हा आम्हाला बाळगोळी आठवते. अल्प्रॅझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत आणि दुकानदाराने त्यांची वेगळी नोंद ठेवायची, असा नियम २०१३ साली केंद्र सरकारने केला आहे. म्हातारं माणूस अशी गोळी घेऊन रात्री लघवीला उठलं की तोल जातो, आणि मांडीचं हाड मोडतं. आणि ज्यांना डॉक्टरांनी बरेच महिने गोळी चालू ठेवली आहे त्यांनी ती आपल्या मनाने एकदम बंदही करायची नाही. विचारून, हळूहळू कमी करायची.

झोपेत नेमकं काय चालतं, हे मात्र फार उशिरा कळलं. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात नॅथानिएल क्लाइटमन नावाचे प्राध्यापक होते. १९३८ साली ते आणि त्यांचा एक विद्यार्थी केंटकीतल्या एका प्रचंड गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे सूर्य नाही, कोंबडा नाही. २४ ऐवजी २८ तासांचा दिवस पाळता येतो का ते त्यांना बघायचं होतं. तरुण विद्यार्थ्याला जमलं, चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमनना जमलं नाही. वय वाढलं की झोपेची घडी सहज बदलत नाही, हे आपल्या म्हाताऱ्यांना सांगायला गुहा लागली नसती, पण असो.

१९५३ साली क्लाइटमन आणि युजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याने छापून सांगितलं की झोपेत मधूनमधून बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी माणूस बहुधा स्वप्न बघत असतो. असेरिन्स्कीने त्या तारा आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला लावून रात्र रात्र कागद तपासले होते. त्यानंतरच्या अभ्यासातून समजलं की झोप म्हणजे दिवा मालवावा तशी एकसारखी नसते. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नाची झोप, असा साधारण ९० मिनिटांचा एक फेरा. रात्रीत असे चार-पाच फेरे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त. नाइटिंगेलबाई पहिल्या झोपेला इतक्या का जपत होत्या, त्याचं उत्तर त्यांच्या पुस्तकानंतर सुमारे शंभर वर्षांनी मिळालं.

आता सुरुवातीच्या सासूबाईंकडे येऊ. दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला अचानक भ्रम होतो, त्याला कारणं अनेक: जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, औषधं, शस्त्रक्रिया, वेदना. मोडलेली झोप त्यातलं एक. म्हणून असं बरळणं दिसलं की झोपेवर किंवा बाधेवर ढकलून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना तेव्हाच सांगायचं. पण झोप सुधारून फरक पडतो का? अमेरिकेत न्यू हेवनच्या रुग्णालयात हे करून बघितलं, १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. सत्तरी ओलांडलेले ८५२ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांची जास्तीची काळजी घेतली: चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजणं, उठवून चालवणं, तारीख-वार सांगत बोलत राहणं, आणि झोपेसाठी रात्री गरम दूध किंवा गरम पेय, पाठीला मालिश, शांत संगीत, वॉर्डातला आवाज कमी, उठवण्याच्या वेळा बदललेल्या. पहिल्या गटात शंभरात १५ जणांना भ्रम झाला, दुसऱ्या गटात शंभरात १० जणांना. दूध, मालिश, गोड आवाज. आमच्या बैठकीत दोघीतिघी एकदमच म्हणाल्या, हे आपण मघाशी वाचलं की!

झोपेचे आजार म्हणून जे ओळखले गेले, त्यातल्या एकावर आम्ही जरा थांबणार आहोत, कारण तो आमच्या गटात निघाला. रात्री अंथरुणावर पडलं की पोटऱ्यांत वळवळतं, ओढ लागते, मुंग्या चालल्यासारखं होतं. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की बरं वाटतं, पडलं की पुन्हा सुरू. कुणी पायाला फडकं आवळून बांधतं, कुणी पोराला पायावर उभं करतं. १९४५ साली स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम या डॉक्टरांनी या त्रासाची नीट नोंद करून त्याला अस्वस्थ पाय असं नाव दिलं. त्याआधी अशा बायकांना वेडसर, रडव्या म्हणून वाटेला लावत. गरोदरपणात आणि अंगात लोह कमी असलेल्यांत हा त्रास जास्त दिसतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे दुसऱ्या एका स्वीडिश डॉक्टरांनी लोह देऊन पाहिलं आणि कितीतरी रुग्णांना आराम पडला.

महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे किती घरांत रात्री पाय आवळून बांधले जात असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. आमच्यातल्या तिघींनी आशाताईंना सांगून रक्त तपासून घेतलं. तिघींचंही कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद केला, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. दोघींचे पाय काही आठवड्यांत शांत झाले. तिसरीचे नाहीत, ती आता डॉक्टरांकडे जाते आहे. गोळीने सगळ्यांचंच बरं होतं असं आम्ही म्हणत नाही.

घोरण्याचंही असंच. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं आपण धरून चालतो. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी वेगवेगळं दाखवून दिलं की काही घोरणाऱ्यांचा श्वास रात्रीत कितीतरी वेळा अडतो आणि झोप मोडते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी धूळ ओढण्याच्या यंत्राची मोटर वापरून नाकातून हवा देणारं साधन बनवलं. त्याचीच सुधारलेली यंत्रं आज वापरतात. पण झोपलेल्याला स्वतःचा अडलेला श्वास कळत नाही. तो कळतो जागणाऱ्याला, म्हणजे दवाखान्यात नर्सला आणि घरी बायकोला. बायकाही घोरतात. त्यांच्याबाबत कुणी सांगत नाही, आणि त्या दिवसा दमलेल्या असतात ते सगळ्यांना कामामुळेच वाटतं.

आणि आता जागणारीविषयी. अमेरिकेत १९७६ पासून एक लाखाहून जास्त नर्सच्या तब्येतीची पाहणी चालू आहे. २००१ साली त्यातून दिसलं की तीस-तीस वर्षं फिरती रात्रपाळी केलेल्या नर्समध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण काहीसं जास्त आहे. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने झोपेची घडी मोडणाऱ्या पाळ्यांना बहुधा कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत टाकलं. रात्रपाळी केली की कर्करोग होतोच, असा याचा अर्थ नाही. पण दुसऱ्याची झोप राखणारीची झोप मोजायला जगाला एवढी वर्षं लागली. आणि मोजली ती पगारी नर्सची. घरात म्हाताऱ्याला कुशीवर वळवायला दर दोन-तीन तासांनी उठणारी सून, तान्ह्याला पाजायला उठणारी बाळंतीण, यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

बाळंतिणीबाबत एक खूण लक्षात ठेवा. बाळ उठवतं म्हणून झोप मोडते, ते सगळ्यांचंच. पण बाळ शांत झोपलंय, घरात माणसं आहेत, तरी हिला सलग काही रात्री झोपच येत नाही, मन उदास आहे, रडू येतं, नको ते विचार येतात, तर तो आजार असू शकतो. आशाताईंना, नर्सताईंना सांगा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारी फोन नंबर आहे, तिथे बोलायला पैसे लागत नाहीत. आणि बारशाच्या आदल्या रात्री दारात डीजे लावणाऱ्यांनाही सांगा, रात्री दहा ते सहा मोठ्या आवाजाला कायद्याने बंदी आहे. दवाखान्याच्या भोवतीचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असेल, तर तिथे दिवसाही मर्यादा आहे.

त्या सासूबाई अजून खाटेवरच आहेत. रात्री त्यांना दोन-तीनदा उठवून बसवावं लागतं. सून सकाळी शेतावर जाते. एका बैठकीत ती हप्ता भरता भरता बसल्या बसल्या झोपली, वही हातातून पडली. तेव्हा आम्ही बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर वारांचा तक्ता केला. आठवड्यातल्या तीन रात्री गटातली एकेक जण त्यांच्याकडे झोपायला जाते. सून त्या रात्री माजघरात दार लावून झोपते. जाणारी आपलं अंथरूण घेऊन जाते, झोपण्याआधी म्हातारीच्या पाठीला तेल लावते, चार जुन्या गोष्टी बोलते. सुरुवातीला दोघींच्या घरून विरोध झाला, रात्री दुसऱ्याच्या घरी कशाला म्हणून. एकीचा नवरा अजून धुसफुसतो. सोमवार आणि शनिवार भरलेले आहेत. बुधवारची बाई दिवाळीला माहेरी जाणार आहे, त्या दोन बुधवारांसाठी नाव हवं आहे.